रविवारची चंगळ: भरलेला फ्रेंच टोस्ट, गरम आणि सगळ्यांना एकदम

(ऑडिओ भागाचं हे लिखित रूप आहे. बोलण्यातले 'अं' आणि 'म्हणजे ना' बरेच काढलेत. सगळे काढले असते तर मीच बोलतेय असं तुम्हाला वाटलं नसतं, म्हणून थोडे ठेवलेत.)

कानात हेडफोन घालून स्वयंपाकघरात उभे असाल, तर आधी एक काम करा. दूध आणि अंडी फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवा. का, ते पुढे सांगते. लोकलमध्ये किंवा बसमध्ये ऐकत असाल तर नुसतं ऐका, आणि भूक लागली तर माझ्यावर ढकलू नका.

आज फ्रेंच टोस्ट. साधा नाही, भरलेला. जाड ब्रेडच्या पोटात तुपागुळात परतलेलं केळं, त्याच्या शेजारी गार-आंबट चक्का, आणि बाहेरून तुपात खरपूस. कॅफेत याच्या एका प्लेटला साडेतीनशे-चारशे रुपये सहज लावतात आणि वर पुदिन्याचं एक पान ठेवतात, जे कोणीही खात नाही. घरी चार जणांचं होतं आणि पुदिना वाचतो.

हे डाएटचं खाणं नाही, हे आत्ताच सांगून टाकते. 'हेल्दी व्हर्जन सांगा ना' असे मेसेज येतात. येऊ देत. मी हा महिन्यातून एकदा करते आणि त्या दिवशी पूर्ण तूप घालते. चंगळ करायची तर नीट करावी.

पण चंगळीपेक्षा मला हा पदार्थ वेगळ्याच कारणासाठी आवडतो. आपल्याकडच्या नाश्त्यांची एक गोष्ट बघा. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी सोडा, ते कढईत एकदम होतं. पण तव्यावरचं जे जे आहे, थालीपीठ, घावन, धिरडं, डोसा, ऑम्लेट, ते एकेक करून होतं आणि तव्यावरून थेट ताटलीत पडलं तरच चांगलं लागतं. म्हणजे खाणारे बसलेले आणि करणारी उभी. शेवटचं घावन तिचं, आणि तोवर चटणी संपलेली.

आमच्या घरी ही उभी असलेली व्यक्ती म्हणजे आई. तिनं प्राथमिक शाळेत बरीच वर्षं शिकवलं, सकाळची शाळा, सातची घंटा. तिचा नाश्ता म्हणजे ओट्याशी उभं राहून चहात बुडवलेली कालची पोळी. दोन वर्षांपूर्वी ती रिटायर झाली, आता कुठलीही घंटा नाही, तरी ती बसत नाही. मी पुण्याहून घरी गेले की दर रविवारी तेच. 'आई, बस ना.' 'अगं, तुमचं होऊ दे, मग मी बसतेच आहे.' हे वाक्य तुमच्याही घरी असणार. मला पक्की खात्री आहे.

आता भरलेला टोस्ट इथे कामाला येतो. तो जाड असतो, आत अंडं-दूध शोषलेलं असतं, पोटात केळ्याचा गरम गोळा असतो. त्यामुळे तो लवकर गार होत नाही. झाकण ठेवलं तर दहा-बारा मिनिटं छान गरम राहतो. घावनाला हे जमत नाही, ते दोन मिनिटांत चामडं होतं. म्हणजे चारही टोस्ट तयार करायचे, गॅस बंद करायचा, आणि करणाऱ्यासकट सगळ्यांनी एकदम बसायचं. बास, माझं एवढंच गणित आहे. आता ते जमवायचं कसं, ते बघू.

त्याआधी दोन मिनिटं इतिहास, कारण तो मजेशीर आहे. नावात फ्रेंच असलं तरी ही युक्ती फ्रान्सपेक्षा कितीतरी जुनी आहे. अपिकियसच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन पाककृतींच्या संग्रहात एक गोड पदार्थ आहे: ब्रेडचे मोठे तुकडे करा, दुधात भिजवा, तळा, वर मध ओता. फ्रेंच लोक स्वतः याला 'पॅं पेर्द्यू' म्हणतात, म्हणजे 'वाया गेलेला ब्रेड'. जर्मनीत याचं नाव 'गरीब सरदार' अशा अर्थाचं आहे. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या दिवसांत 'तोरीहास' करतात, पोर्तुगालमध्ये नाताळला 'रबानादास'. आणि पोर्तुगाल म्हटलं की आपण आलोच, कारण आपला पाव हा शब्दच पोर्तुगीज 'पाऊं'वरून आलाय, गोव्यामार्गे.

सगळीकडे गोष्ट एकच. ब्रेड कडक झालाय, टाकवत नाही, मग त्याला दूध पाजा आणि तव्यावर टाका. आपली फोडणीची पोळी याच खानदानातली. फरक इतकाच की फोडणीच्या पोळीचे कोणी चारशे रुपये लावत नाही. अजून तरी.

पोटात काहीतरी भरायची कल्पना मला सगळ्यात जास्त आवडते ती हाँगकाँगची. तिथल्या 'चा चान टेंग' नावाच्या साध्या चहा-नाश्त्याच्या हॉटेलांत दोन स्लाइसच्या मध्ये पीनट बटर लावतात, अख्खं सँडविच अंड्यात बुडवून तळतात आणि वर लोण्याचा तुकडा आणि गोड पाक किंवा कंडेन्स्ड मिल्क. आपल्या इराणी हॉटेलातल्या माणसाला हे ऐकून नक्की बरं वाटेल.

चला, ब्रेड.

पाकिटातला कापलेला ब्रेड इथे चालतो, पण मजा नाही. त्याची स्लाइस इतकी पातळ की खिसा करायला जागाच नाही. जवळच्या बेकरीत जा आणि अख्खा मिल्क ब्रेड मागा. तो माणूस सवयीनं मशीनकडे वळेल, तेव्हा पटकन म्हणायचं, 'कापू नका'. घरी आणून दोन बोटं जाड स्लाइस कापायच्या. साध्या ४०० ग्रॅमच्या ब्रेडमधून चार-पाच निघतात, कडेचे तुकडे वेगळे. ते टाकू नका, त्यांचं पुढे काम आहे.

ब्रेड शिळा हवा. ताज्या ब्रेडमध्ये आधीच भरपूर पाणी असतं, तो दूध नीट पीत नाही, आणि प्यायला तर ढासळतो. आता एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: ब्रेड शिळा होतो म्हणजे नुसता वाळतो असं नाही. भाजताना त्यातला स्टार्च फुगून मऊ झालेला असतो, तो गार झाल्यावर हळूहळू पुन्हा घट्ट रचना धरायला लागतो. फ्रिजच्या तापमानाला हे जास्त वेगानं होतं. म्हणून फ्रिजमधला ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो. एरवी हा तोटा, आज फायदा. आदल्या रात्री स्लाइस कापून ताटात पसरून, न झाकता फ्रिजमध्ये ठेवा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात ब्रेड बाहेर ठेवून शिळा करायला जाऊ नका. तो वाळायच्या आधी त्याला बुरशी येते. आणि बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच भाग खरवडून बाकीचा वापरायचा नाही. पूर्ण ब्रेड टाकायचा. बुरशीचे धागे आत कुठवर गेलेत ते डोळ्यांना दिसत नाही. काटकसर इथे नको.

आत काय भरायचं? मी दोन गोष्टी घालते. पहिली, केळं. वेलची केळी मिळाली तर चार-पाच, नाहीतर मोठी दोन. पिकलेली, पण काळी पडलेली नकोत. चकत्या करा, चमचाभर तुपात टाका, दोन चमचे चिरलेला गूळ, चिमूटभर मीठ, थोडं जायफळ किसून. मंद आचेवर पाच-सहा मिनिटं परतत राहायचं. आधी गूळ सुटून सगळं पातळ होईल. घाबरू नका, हलवत राहा. उलथन्यानं कढईच्या तळाशी रेघ ओढली आणि ती क्षणभर तशीच राहिली की झालं. हे पातळ राहिलं तर तव्यावर बाहेर येऊन जळतं आणि मग टोस्ट सुटता सुटत नाही. पूर्ण गार होऊ द्या, म्हणजे भरायला घट्ट मिळतं.

दुसरी, चक्का. परदेशी रेसिपीत क्रीम चीज लिहिलेलं असतं. आपल्याकडे ते महाग, आणि चक्का त्याच्यापेक्षा कुठेही कमी नाही. अर्धा किलो घट्ट दही रात्री पंचात बांधून, खाली भांडं ठेवून फ्रिजमध्ये टांगा किंवा गाळणीत ठेवा. सकाळी मस्त चक्का. त्यात पिठीसाखर फक्त एक चमचा.

इथे कोणीतरी विचारणार, विकतचं श्रीखंड घातलं तर? करून बघा, पण श्रीखंडात साखर खूप असते आणि तापलं की ते पातळ होऊन पळतं. शिवाय गोडावर गोड होतं. चक्क्याचा आंबटपणा हवाय आपल्याला, नाहीतर तिसऱ्या घासाला कंटाळा येतो. आंब्याच्या दिवसांत केळ्याऐवजी आटवलेला आमरस, आणि हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी अशीच शिजवून. खवाही चालतो, फक्त तो आधी थोडा परतून घ्या.

खिसा कसा करायचा, ते नीट ऐका. स्लाइस आडवी ठेवा, तळहात वरून हलका दाबून धरा. पातळ टोकदार सुरी एका कडेतून आत घाला आणि आतल्या आत डावी-उजवीकडे फिरवा. बाकीच्या तीन कडांना एकेक सेंटीमीटर सोडायचं. पाकिटासारखा खिसा होतो. ब्रेड फ्रिजमध्ये कडक झालेला असेल तर हे सोपं जातं, मऊ ब्रेड फाटतो. एक मोठा चमचा चक्का, एक मोठा चमचा केळं. एवढंच. जास्त भरायचा मोह होतो, आवरा. तोंड बोटांनी दाबून बंद करा.

आता भिजवायचं मिश्रण. चार टोस्टसाठी तीन अंडी, एक वाटी दूध, एक चमचा साखर, चिमूटभर मीठ, वेलची. आधी फक्त अंडी फेटायची, पांढऱ्याच्या तारा मोडेपर्यंत, आणि मग दूध. दूध आधी ओतलं तर त्या तारा तशाच तरंगतात आणि टोस्टवर पांढरे चट्टे दिसतात. साखर कमी ठेवा, ती तव्यावर लवकर जळते.

पसरट ताटलीत ओता, भरलेली स्लाइस एका बाजूनं मिनिटभर, दुसऱ्या बाजूनं मिनिटभर. मधे बोटानं हलकं दाबून बघा, आत कोरडी गादी लागली तर अजून अर्धा मिनिट.

आता तवा. सगळा खेळ इथे आहे. टोस्टला बाहेरून छान तपकिरी रंग यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या वर जावा लागतो. आत मात्र अंडं-दुधाचं मिश्रण साधारण ७५ ते ८० अंशांना घट्ट होतं. बाहेरचं काम झटपट होतं, आतलं सावकाश, कारण उष्णतेला दोन बोटं जाडीतून वाट काढत जायचंय. गॅस मोठा ठेवलात तर बाहेरून काळा, आतून कच्चं अंडं. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की दूध-अंडी बाहेर काढून ठेवा. चक्काही अर्धा तास आधी काढा. फ्रिजमधला गारेगार गोळा पोटात घेऊन टोस्ट तव्यावर गेला तर मधला भाग तापणार कधी?

बिडाचा तवा असेल तर उत्तम. मोठ्या तव्यावर चार टोस्ट दाटीवाटीनं बसतात, नाहीतर दोन शेगड्यांवर दोन तवे. लोणी नको, तूप. लोण्यातला दुधाचा अंश लवकर करपतो, तुपात तो काढून टाकलेला असतो. आधी खिशाच्या तोंडाची कड खाली करून टोस्ट अर्धा मिनिट उभा धरा, म्हणजे तिथलं अंडं शिजून तोंड चिकटतं. मग आडवा. आच मंद, वर झाकण, चार मिनिटं. उलटा, पुन्हा झाकण, चार मिनिटं. सुरी मधोमध घालून पाच सेकंद थांबा. टोक गरम लागलं आणि त्यावर ओलं कच्चं मिश्रण नसलं, की झालं.

शेवटी झाकण काढा, तव्यावर अर्धा चमचा साखर भुरभुरवा आणि टोस्ट त्यावर अर्धा मिनिट दाबून धरा. साखरेची काचेसारखी पातळ पापडी तयार होते. माझ्या मते याच पापडीसाठी हा सगळा खटाटोप करायचा. पापडीच्या बाजूला झाकण ठेवायचं नाही मात्र, वाफेनं ती मऊ पडते. म्हणून टोस्ट थोडा वेळ थांबवायचे असतील तर साखरेचं काम सगळ्यात शेवटी.

तर, मागच्या महिन्यातला रविवार. मी आदल्या रात्री ब्रेड कापला, दही टांगलं. सकाळी आई उठायच्या आत टेबलावर ताटल्या, चमचे, पाण्याचे ग्लास, चहाचा थर्मास, सगळं मांडून ठेवलं, कारण मला तिच्या युक्त्या माहीत आहेत. ती बसते आणि काहीतरी आणायच्या निमित्तानं उठते. चार टोस्ट झाले, गॅस बंद केला, सगळ्यांना हाक मारली.

ती आली आणि ओट्याकडेच वळली. म्हटलं, 'आई, झालंय सगळं.' 'मग मी काय करू?' 'खा.'

बसली. मग मीठ आणायला उठली, गोड टोस्टला! मग पंखा कमी करायला. तिसऱ्यांदा उठायला लागली तेव्हा बाबाच म्हणाले, 'बस गं, मी आणतो', आणि गेले, आणि स्वयंपाकघरातून विचारलं, 'काय आणायचं होतं?' तिलाही आठवेना.

पहिला घास खाऊन तिनं मास्तरणीसारखं सांगितलं, 'जायफळ जरा जास्त झालंय.' मग काही बोलली नाही. अर्धा टोस्ट संपल्यावर म्हणाली, 'अंड्यातला ब्रेड गरम असताना असा लागतो होय?'

लहानपणी दर शनिवारी शाळेतून आल्यावर ती आम्हा दोघा भावंडांना अंड्यातला गोड ब्रेड करून द्यायची. साधा, न भरलेला. अकरा-बारा वर्षं तरी. टेबलावर कोणीच काही बोललं नाही. बाबांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला. आईनं विचारलं, 'अजून एक आहे का?'

नव्हता. कडेचे तुकडे होते. ते उरलेल्या मिश्रणात बुडवून मी तव्यावर टाकले, आणि ते होईपर्यंत ती बसून राहिली.

बरं. आमच्या आजीला अंडं चालत नाही, आणि तिच्या पोळीच्या तव्यावर तर अजिबातच नाही. तुमच्याकडेही सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण असं काहीतरी असेलच. त्यासाठी कस्टर्ड पावडर. ही मुळात बिनअंड्याचीच गोष्ट आहे, कॉर्नफ्लोअर, रंग आणि वास. बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्डनं ती १८३७ साली काढली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. एक वाटी गार दुधात दोन मोठे चमचे कस्टर्ड पावडर, एक चमचा साखर. शिजवायचं नाही, कच्चंच. पावडर तळाशी बसते, त्यामुळे प्रत्येक टोस्ट बुडवण्याआधी चमच्यानं ढवळा, नाहीतर पहिल्याला नुसतं दूध आणि शेवटच्याला नुसतं पीठ. भिजवायचं कमी, प्रत्येक बाजूला वीसेक सेकंद. अंड्याचा आधार नसल्यामुळे ब्रेड लवकर मोडतो. रंग मात्र सुंदर येतो, पिवळाधमक. तवा वेगळा ठेवा आणि बिनअंड्याचे आधी करून घ्या, म्हणजे घरात शांतता राहते.

दोन प्रश्न नेहमी येतात, ते घेते. डब्यात नेता येतो का? नेता येतो, पण पापडी जाते, आणि आत दही-अंडं असल्यामुळे उन्हाळ्यात दुपारपर्यंत बाहेर ठेवू नका. आदल्या रात्री भरून ठेवता येतो का? हो, खिसा भरून, झाकून फ्रिजमध्ये. पण मिश्रणात सकाळीच बुडवायचा. आणि तव्यावर टाकायच्या आधी अर्धा तास बाहेर काढायचा, हे आता मी सांगायला नको.

हॉस्टेलवर असाल आणि हाताशी एक इंडक्शन आणि एकच पॅन असेल, तर पाकिटातल्या दोन स्लाइस घ्या, मध्ये पीनट बटर आणि केळ्याच्या चकत्या, कडा दाबा, एक अंडं आणि अर्धा कप दूध. पातळ आहे, त्यामुळे दोन-दोन मिनिटांत होतो. इंडक्शनचा आकडा कमी ठेवा, तो पॅनच्या मधोमध जास्त तापवतो, म्हणून टोस्ट मधे मधे फिरवत राहा.

तुमच्याकडे तव्याशी कोण उभं असतं आणि त्यांनी काय भरायला सांगितलं, ते व्हॉइस नोट करून पाठवा. मी ऐकते सगळ्या. पुढच्या भागात उरलेल्या भाताचं काय करायचं ते बघू. चला, दही टांगून ठेवा आज रात्री.